पावती कुणाच्या नावावर? ‘द हँडमेड्स टेल’ आणि आमचे शनिवारचे वाद

दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात जून ऑस्बर्न आपले तान्हे मूल एमिली नावाच्या सोबतिणीच्या हवाली करते, गाडीचे दार लागते आणि ती स्वतः मात्र मागे राहते. नेमक्या त्या क्षणी माझ्या मावसबहिणीने रिमोटचे बटण दाबून चित्र थांबवले आणि ‘ही बाई वेडी आहे’ असा निकाल देऊन टाकला. बाहेर परतीचा पाऊस लागला होता, भडंगाचे पातेले तळाला आले होते, आणि उरलेली दोन मिनिटे पाहायला रात्रीचे साडेअकरा वाजले, कारण मधला दीड तास आम्ही सातजण एकमेकांशी भांडत होतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या दिवाणखान्यात त्यानंतर असे पुष्कळ शनिवार आले. या मालिकेबद्दल मला जे सांगायचे आहे ते त्या भांडणांतूनच हाती लागले असल्यामुळे हे परीक्षण त्यांच्यासकटच लिहीत आहे. कथानकातल्या बहुतेक सगळ्या गाठी पुढे सुटतील. ज्यांना त्या स्वतः सोडवायच्या असतील त्यांनी आधी मालिका पाहावी.

ओळख थोडक्यात करून देते असे म्हणायची सोय नाही, कारण मालिका लांबलचक आहे: ६ पर्वे, ६६ भाग, एप्रिल २०१७ ते मे २०२५. मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या १९८५ सालच्या कादंबरीवरून ब्रूस मिलर यांनी ती हुलूसाठी तयार केली आणि पहिल्याच वर्षी तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला, जो तोपर्यंत कोणत्याही ऑनलाइन प्रसारण सेवेच्या मालिकेला मिळाला नव्हता. जन्मदर कोसळलेल्या अमेरिकेत एक धर्मांध राजवट सत्ता बळकावते, देशाचे नाव गिलियड होते, बायकांचे पैसे, नोकऱ्या, वाचन-लेखन सगळे काढून घेतले जाते, आणि ज्यांना मूल होऊ शकते त्यांना लाल झगा व पांढरी टोपी चढवून बड्या अधिकाऱ्यांच्या घरी ‘दासी’ म्हणून ठेवले जाते. महिन्यातून एकदा होणाऱ्या बलात्काराला तिथे ‘विधी’ म्हणतात. जून ही अशीच एक दासी. कमांडर फ्रेड वॉटरफर्डच्या घरी आहे म्हणून तिचे नाव ऑफ्रेड, म्हणजे ‘फ्रेडची’. घर बदलले की नाव बदलते.

आम्ही दर शनिवारी दोन भाग पाहिले. मंडळीही सांगितली पाहिजेत, कारण कोण काय बोलले हे त्याच्या पोटापाण्याशी फार जोडलेले होते. बहात्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई, मिरजेच्या एका रुग्णालयात प्रसूती विभागात गेली एकोणीस वर्षे काम करणारी माझी मावसबहीण, शेजारच्या वकीलताई, पलीकडच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळी कॉलनी नुसते ‘सर’ म्हणते, भिलवडीला शेती पाहणारा माझा धाकटा दीर आणि माझी जाऊ, आणि मी. महाविद्यालयात जाणारी पुतणी आठवी, पण ती निकसाठी यायची. त्याबद्दल पुढे.

तर जूनने गाडीत बसायला हवे होते का? तिची मोठी मुलगी हॅना गिलियडमध्येच दुसऱ्या कुणाच्या घरी वाढते आहे, म्हणून ती थांबते. मावसबहिणीचे म्हणणे असे होते की, हातात असलेले जिवंत मूल सोडून हाती लागेल की नाही याची खात्री नसलेल्या मुलासाठी थांबणे हा भाबडेपणा आहे; बाहेर गेली असती तर तिला हॅनासाठी अधिक काही करता आले असते. वकीलताईंनीही तिची बाजू घेतली. यावर माझा दीर, जो एरवी मालिकेत लक्ष आहे की नाही हे कळू देत नाही, हळूच म्हणाला, “मीबी थांबलो होतो.”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले तेव्हाची गोष्ट. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, यावरून काय झाले असेल ते सांगलीकरांना सांगावे लागत नाही. भिलवडीत आमच्या घरापाशी बोट आली. दिराने बायकोला आणि दोन्ही पोरांना तीत बसवले आणि स्वतः वरच्या मजल्यावर थांबला, कारण मामंजी घर सोडायला तयार नव्हते आणि दोन म्हशी गच्चीवर चढवलेल्या होत्या. “इचार बिचार काय केला नव्हता,” तो म्हणाला. “पाय वळंनात, एवढंच.” त्यावर माझी जाऊ, जी सहा वर्षांत या विषयावर आमच्यासमोर कधी बोलली नव्हती, भडंग निवडता निवडता म्हणाली, “तुमचे पाय वळले नाहीत. पण निवारा केंद्रात तीन दिवस पोरांना काय सांगायचं, ते मला ठरवायला लागलं.”

त्या वाक्यानंतर माझ्या दृष्टीने ही मालिका बदलली. तोवर आम्ही जूनचा निर्णय बरोबर की चूक एवढेच तोलत होतो. जावेने नकळत दुसरे माप हातात दिले: निर्णय एकाने घ्यावा आणि पावती दुसऱ्याच्या नावावर फाटावी, असे होते आहे का? हे माप घेऊन पुढची चार पर्वे पाहिली, तेव्हा ही मालिका कुठे थोर आहे आणि कुठे ती प्रेक्षकाला फसवते, हे मला बऱ्यापैकी स्पष्ट दिसू लागले.

पहिली दोन पर्वे या मापाला पुरेपूर उतरतात. तिथे प्रत्येक छोट्या निवडीला किंमत आहे आणि ती किंमत पडद्यावर, आपल्या डोळ्यांसमोर वसूल होते. सेरिना जॉय हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे, आणि माझ्या मते मालिकेतले सर्वांत उत्तम लिहिलेले पात्रही तेच. ही फ्रेडची बायको. बायकांची जागा घरात आहे असे सांगणारे पुस्तक तिने स्वतः लिहिले, सभा गाजवल्या, राजवट आणायला हातभार लावला, आणि राजवट आल्यावर ज्या पहिल्या बायकांच्या हातातून पुस्तके गेली त्यांत ती स्वतः होती. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस, मुलींना निदान बायबल तरी वाचता यावे अशी मागणी करताना ती पुरुषांच्या सभेत उभी राहून त्यातला उतारा वाचून दाखवते, आणि वाचनाची शिक्षा म्हणून तिचे बोट छाटले जाते. नवरा ते होऊ देतो. इव्हॉन स्ट्राहोव्हस्की यांनी त्यानंतरच्या दृश्यात पट्टी बांधलेला हात असा काही धरला आहे की तो हात दाखवायचा आहे की लपवायचा आहे हे त्या बाईला स्वतःलाच ठरवता येत नाही. त्याच भागात ती तान्ह्या मुलीला जूनबरोबर जाऊ देते, आणि पुढच्या पर्वात तीच मुलगी परत मिळवण्यासाठी आकाशपाताळ एक करते.

“करावं तसं भरावं,” असे सासूबाई बोट छाटलेले पाहून म्हणाल्या आणि दोन मिनिटांनी त्यांनीच डोळे पुसले. वकीलताईंना हे अश्रू मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, कायदा लिहिणाऱ्याला कायद्याचा चटका बसला म्हणून तो पीडित ठरत नाही. मला दोघींचेही पटले आणि मालिकेला नेमके हेच हवे आहे असे वाटले: सेरिनाची दया येते, पण त्या दयेने तिचा एकही गुन्हा धुतला जात नाही.

आंट लिडियाच्या बाबतीत मात्र मालिकेचा हात कापला, म्हणजे कापरा झाला. दासींना शिस्त लावणारी, चाबूक आणि आशीर्वाद एकाच हाताने देणारी ही बाई अ‍ॅन डाउड यांनी इतकी जिवंत केली आहे की सासूबाई तिला पहिल्या पर्वापासून ‘लिडियामावशी’ म्हणू लागल्या. अशी एक तरी बाई प्रत्येक मोठ्या वाड्यात असायचीच, असे त्यांचे म्हणणे. ती अशी का झाली हे सांगण्यासाठी तिसऱ्या पर्वात तिचा भूतकाळ दाखवला आहे. ती शाळेत शिक्षिका असते, एका विद्यार्थ्याला आणि त्याच्या एकट्या आईला जीव लावते, एका पुरुषाकडे आकृष्ट होते, तिथे अपेक्षाभंग होतो, आणि त्या शरमेच्या भरात ती त्या आईचे मूल सरकारी यंत्रणेच्या हवाली करवते. सर या भागावर फार रागावले. “एका संध्याकाळच्या अपमानानं शिक्षक राक्षस होत नाही हो,” ते म्हणाले. “छत्तीस वर्षं नोकरी केली. शिक्षक बिघडतो तो हळूहळू, आपण मुलांच्या भल्यासाठीच करतोय असं म्हणत म्हणत. तिला आधीपासून तसंच दाखवायचं.” सरांशी मी पूर्णपणे सहमत आहे. कारण न देता जी बाई खरी वाटत होती, ती कारण दिल्यावर खोटी वाटू लागली.

आता तक्रार. तिसऱ्या पर्वापासून जूनच्या निर्णयांची पावती जूनच्या नावावर फाटतच नाही. हॅनाला शाळेजवळ चोरून भेटण्याचा ती हट्ट धरते आणि त्यापायी हॅनाला सांभाळणारी मोलकरीण फासावर जाते. कमांडर लॉरेन्सच्या आजारी बायकोने, एलेनॉरने, गोळ्या घेतल्याचे तिला दिसते, आणि मुलांना पळवून नेण्याचा बेत फुटू नये म्हणून ती कुणाला हाक न मारता खोलीबाहेर निघून जाते. चौथ्या पर्वात हॅनाच्या जिवाची धमकी मिळताच ती सोबतच्या दासींचा ठावठिकाणा सांगते, आणि पुढे पळताना त्यांतल्या अल्मा आणि ब्रियाना रेल्वेखाली जातात. यातला प्रत्येक निर्णय सुटा घेतला तर समजण्यासारखा आहे. हॅनाला काचेच्या पेटीत कोंडलेली पाहून कोणती आई तोंड उघडणार नाही? पण ज्या राजवटीत एक शब्द वाचल्याबद्दल कमांडरच्या बायकोचे बोट जाते, तिथे इतके सगळे करून जून प्रत्येक वेळी जिवंत राहते, आणि भोवतालच्या बायका वाळलेल्या पानांसारख्या गळत जातात. नायिका आहे म्हणून तिला कवच आहे, हे एकदा प्रेक्षकाच्या लक्षात आले की तिच्या धाडसातले धाडस निघून जाते. तिसऱ्या पर्वाअखेर ८६ मुले विमानाने कॅनडात पोहोचतात, तो भाग पाहताना आमच्याकडे टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण मावसबहीण गप्प होती. तिला एलेनॉर विसरता येत नव्हती. “नाडी बघायला हवी होती,” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. “वाचवायचं का नाही, ते नंतर. आधी नाडी बघायची.”

तिचे हेच धोरण पुढे पाचव्या पर्वात तिला जूनच्या बाजूला घेऊन आले, ही गंमत आहे. सेरिना गरोदर, पळालेली, एका ओसाड गोठ्यात कळा देते आहे, आणि समोर दुसरे कुणी नाही, फक्त जून. तिला तिथेच सोडून जाणे सोपे होते. जून तिचे बाळंतपण करते. वकीलताई आणि माझी जाऊ दोघींनाही हे अशक्य वाटले. ज्या बाईने तुला विधीच्या वेळी मनगटे धरून दाबून ठेवले, तिच्या मुलाला तू कसे हात लावशील? मावसबहिणीने मात्र पहिल्यांदाच जूनची बाजू घेतली. “कळा चालू झाल्यावर समोर वैरी नसतो, पेशंट असतो,” ती म्हणाली, आणि मग तिने मिरजेच्या रात्रपाळीतला एक प्रसंग सांगितला, जो इथे लिहिण्यासारखा नाही. या भागाचे तांत्रिक अंगही तिने तपासले: गोठ्यातला प्रसंग तिला बराच खरा वाटला, पहिल्या पर्वात दासी बाळंत होत असताना मागे बसून कळांचे सोंग करणारी कमांडरची बायको तिला आधी हास्यास्पद आणि मग, दोन दिवसांनी फोन करून सांगितल्याप्रमाणे, भयंकर वाटली.

चौथ्या पर्वाच्या शेवटाबद्दल मात्र सांगलीत बसून लिहिणाऱ्याला दुसऱ्या एका कलाकृतीची आठवण टाळता येत नाही. फ्रेड कॅनडात पकडला गेलेला आहे, खटला उभा राहायचा आहे, आणि तेवढ्यात तो गिलियडची माहिती देण्याच्या बदल्यात सुटका पदरात पाडून घेतो. कायद्याने हात टेकल्यावर जून लॉरेन्सशी सौदा करते: तुरुंगातल्या २२ बायकांच्या बदल्यात फ्रेड. सीमेवरच्या निर्मनुष्य जंगलात त्याला सोडले जाते आणि जून इतर बायकांसह त्याचा पाठलाग करून त्याला ठार मारते. सर लगेच म्हणाले, “हा कीचकवध झाला.” सांगलीतच १८७२ साली जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९०७ सालचे. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि सैरंध्री म्हणून राबणारी द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान हे प्रेक्षकांना इतके उघड दिसले की १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. दासी होऊन राहिलेली राणी, तिच्यावर डोळा ठेवणारा सत्ताधारी, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर आणि सबुरी न मानणारा भीम: फ्रेडच्या खटल्याभोवती हे सगळे जसेच्या तसे उभे आहे, फक्त इथे भीमाचे कामही द्रौपदीच करते.

वकीलताईंना अर्थातच हे आवडले नाही. साक्षीदार स्वतःच जल्लाद झाला की पुढच्या प्रत्येक बाईची साक्ष दुबळी होते, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो वजनदार आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते हत्येनंतरचे दृश्य. जून घरी येते, चेहऱ्यावर आणि कपड्यांवर रक्त, तशीच ती मुलीला उचलून घेते, आणि दारात उभा असलेला नवरा ल्यूक ते पाहून खाली बसतो. नाटकात कीचक मेल्यावर पडदा पडतो आणि प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो. इथे पडदा पडत नाही, आणि त्या मुलीच्या अंगाला लागलेले रक्त पाहून टाळ्यांसाठी उचललेले हात खाली येतात. फार दिवसांनी पावती जूनच्या दारात आली होती. म्हणूनच चौथ्या पर्वाचा शेवट मी तिसऱ्या पर्वाच्या विमानापेक्षा कितीतरी वर ठेवते.

एमिलीचे मात्र आम्ही फुकट भांडलो. कॅनडात बायको-मुलापाशी पोहोचलेली एमिली पाचव्या पर्वात अचानक गिलियडमध्ये परत गेल्याचे कळते. आईने असे का करावे यावर एक अख्खा शनिवार गेला, आणि मग पुतणीने मोबाइलवर पाहून सांगितले की अलेक्सिस ब्लेडेल यांनीच त्या पर्वाआधी मालिका सोडली होती. निर्णय पात्राचा नव्हता, नटीचा होता. मालिकेच्या अगदी शेवटच्या भागात त्या थोडा वेळ परत आल्या, ते बरे वाटले.

निकबद्दल पुतणीची भावना दुखावल्याशिवाय लिहिता येणार नाही. हेर, चालक, मग कमांडर, जूनचा प्रियकर आणि तिच्या तान्ह्या निकोलचा बाप, असा हा माणूस पाच पर्वे दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा असतो, आणि सहाव्या पर्वात सासऱ्याच्या दडपणाखाली बंडखोरांचा बेत फोडून मोकळा होतो. त्यापायी कितीतरी बायका मारल्या जातात. लॉरेन्स बॉम्ब घेऊन ज्या विमानात चढतो, त्यात निकही येऊन बसतो आणि संपतो. पुतणीच्या मते लेखकांनी त्याचा घात केला. माझ्या मते तो पहिल्यापासून हाच होता, फक्त चेहरा देखणा असल्याने आपण त्याला मुदत देत गेलो. ती त्यानंतरचे शनिवार आली नाही.

गिलियड आम्हाला दूरचे का वाटले नाही, हेही सांगायला हवे. माणसाने कुठे ना कुठे प्रत्यक्ष केलेले नाही असे काहीही पुस्तकात घालायचे नाही, असा नियम अ‍ॅटवुड यांनी लिहिताना पाळला होता. रुमानियात १९६६ साली गर्भपातावर घातलेली बंदी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मालिका सुरू झाली एप्रिल २०१७ मध्ये. त्याच्या आदल्याच महिन्यात मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. तिकडे मूल व्हावे म्हणून बाईचे शरीर ताब्यात घेतात, इकडे मुलगी होऊ नये म्हणून. मावसबहीण त्या दिवसांत मिरजेतच कामाला होती. पहिल्या पर्वातला एक प्रसंग पाहून तिने म्हैसाळचे नुसते नाव घेतले आणि त्या शनिवारी आम्ही एकच भाग पाहून उठलो.

चित्रीकरणाबद्दल एवढेच सांगते की पहिल्या पर्वाची चौकट न् चौकट थांबवून पाहावी अशी आहे. लाल झगे, बर्फ, भिंतीवर लटकवलेली प्रेते, आणि जून साकारणाऱ्या एलिझाबेथ मॉस यांचा चेहरा इतक्या जवळून की त्यांची एक भुवई हलली तरी प्रसंग बदलतो. पुढे मात्र याच खुबीची सवय झाली आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी जून कॅमेऱ्यात रोखून पाहणार आणि गाणे सुरू होणार, हे पाचव्या पर्वापर्यंत इतके ठरून गेले की सासूबाई तेवढ्यात उठून गॅसवर दूध ठेवायच्या. संवाद बरेचसे कुजबुजीत आहेत. आम्ही इंग्रजी अक्षरे खाली लावून पाहिली आणि सासूबाईंसाठी मी व जाऊ आलटून पालटून मराठीत सांगत गेलो. ज्या सेवेवर आम्ही पाहत होतो तिने मध्येच एक पर्व काढून टाकले आणि तीन आठवड्यांनी परत आणले. वर्गणी मात्र पूर्ण घेतली. नाव घेत नाही.

सरांनी मूळ कादंबरी वाचलेली आहे आणि तिच्यातली एक गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवली होती. कादंबरीत नायिकेला जून हे नाव कुठेही स्पष्टपणे दिलेले नाही. ते वाचकांनी काढलेले अनुमान. आणि तिची कहाणी संपल्यावर एक परिशिष्ट येते: साल २१९५, गिलियड कधीच लयाला गेले आहे, आणि एका परिषदेत विद्वान मंडळी तिच्या सापडलेल्या ध्वनिफितींवर चर्चा करीत आहेत. एक प्राध्यापक विनोद करतात, श्रोते हसतात, गिलियडच्या लोकांना फार कठोरपणे तोलू नका असे ते सुचवतात. मालिकेने हे परिशिष्ट घेतलेले नाही. “घ्यायची गरजच काय?” सर म्हणाले, आणि त्यांनी हाताने आमचा दिवाणखाना, भडंग, रिमोट आणि आम्हा सगळ्यांकडे गोल बोट फिरवले.

सहाव्या पर्वाचा शेवट अनेकांना निराश करणारा आहे. बॉस्टन मुक्त होते, जूनची सोबतीण दासी जनीन हिला तिची मुलगी मिळते आणि तिला घेऊन येणाऱ्यांत आंट लिडियाही असते, जून सेरिनाला क्षमा करते, पण ६६ भाग जिच्यासाठी घडले ती हॅना परत येत नाही. माझ्या मते हा शेवट प्रामाणिक आहे. जूनचा पहिला निर्णय, ज्यावर आम्ही दीड तास भांडलो होतो, तो शेवटी यशस्वी ठरवून दाखवला असता तर इतर बायकांनी मोजलेली किंमत रास्त होती असा हिशेब लागला असता. क्षमेबद्दल मात्र आमच्यात आजही एकमत नाही. वकीलताई अजून विरोधात आहेत, जाऊ त्यांच्या बाजूला आहे.

मॉस यांनीच दिग्दर्शित केलेल्या या भागाच्या अगदी शेवटी जून वॉटरफर्डच्या जळक्या घरात, तिच्या जुन्या खोलीत जाऊन बसते आणि आपली कहाणी ध्वनिमुद्रित करू लागते. आणि नाव सांगते ते ऑफ्रेड. याने सगळ्यांचीच पंचाईत झाली. इतकी वर्षे स्वतःचे नाव परत मिळवण्यासाठी झगडलेल्या बाईने त्यांनी लादलेले नाव का घ्यावे? मला साताऱ्याच्या मुली आठवल्या. पुन्हा मुलगीच झाली म्हणून घरच्यांनी ज्यांचे नाव ‘नकुशा’ ठेवले होते अशा अडीचशेहून अधिक मुलींना २०११ साली तिथे समारंभाने नवी नावे देण्यात आली होती. लादलेले नाव टाकून देणे हीच तर मुक्ती, असे मी म्हणाले. तान्ह्या मुलीलाही जूनने आपण ठेवलेले ‘हॉली’ सोडून सेरिनाने ठेवलेले ‘निकोल’ हेच नाव दिले होते, ती तेव्हाही अशीच वागली, असे मावसबहिणीने त्यात घातले.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नाव लिहिलं, तेव्हा मला वाचायला पण दिलं नव्हतं. भटजींनी मोठ्यानं सांगितलं तेव्हा कळलं. पण ह्या घरात जे झालं ते त्याच नावाच्या बाईबरोबर झालं. ते सांगायचं तर तिच्याच नावानं सांगायला लागेल की.” दिराने त्यांचे माहेरचे नाव विचारले. पोटच्या दोन्ही मुलांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी ते सांगितले, आणि मग दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या.

पाहणार असाल तर पहिली दोन पर्वे एका भागाच्याही सवलतीशिवाय पाहा. तिसऱ्यातले मधले चार-पाच भाग गाळले तरी बिघडत नाही. चौथे शेवटासाठी, पाचवे गोठ्यासाठी. सहावे पाहताना सोबत माणसे असू द्या आणि दुसऱ्या दिवशी रविवार असेल असे बघा.